जुनी छिद्रे, अरुंद आरी

उन्हाळी सुट्टी संपून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे कामकाज सुरू होण्याच्या आदल्या दिवशी एक ज्येष्ठ वकील आपल्या वडिलांची चामडी बॅग घेऊन इतवारीतल्या आमच्या दुकानात आले. मूठ एका बाजूने उसवली होती आणि बॅग त्यांना संध्याकाळपर्यंत हवी होती.

"मशीनवर काहून नाही मारून देत जी?" त्यांनी विचारले. मशीनची सुई जुन्या छिद्रांना जुमानत नाही. ती आपल्या अंतराने नवी छिद्रे पाडते, आणि छिद्रांमधले चामडे असे कमी होत गेले की मूठ त्याच ओळीवर फाटते. त्यात आधी कोणीतरी टोकाला आकडा असलेल्या जाड आरीने (आरी म्हणजे चामड्याला छिद्र पाडायचे टोकदार हत्यार) ती दुरुस्त केली असल्यामुळे काही छिद्रे अगोदरच सैल झाली होती.

माझ्या मते आरीची पारख टोकावरून नव्हे, तर पात्याच्या रुंदीवरून आणि छेदावरून, म्हणजे पाते आडवे कापले तर दिसेल त्या आकारावरून करावी. गोल टोचा तंतू रेटून बाजूला सारतो. शंकरपाळ्याच्या छेदाचे पाते तिरपी चीर पाडते, आणि टाका ओढला की ती चीर धाग्याभोवती मिटते. ०.८ मिलिमीटर धाग्यासाठी मी एरवी अडीच मिलिमीटर रुंदीचे पाते वापरतो. येथे मात्र छिद्र पाडायचे नव्हते, केवळ मोकळे करायचे होते; म्हणून दोन मिलिमीटरहूनही अरुंद पाते घेतले आणि त्याच्या कडा मुद्दाम बोथट ठेवल्या, कारण धारदार कड जुन्या छिद्राची भिंत सहज कापते.

मूठ लाकडी चिमट्यात धरली, मागे बुचाचा तुकडा लावला आणि प्रत्येक छिद्राचा मूळ कल पाहून पाते सरळ आत घातले. धाग्याच्या दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई होती. एकाच छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शिवण उसवत नाही. आकड्याच्या आरीने घातलेल्या साखळीटाक्याला ही खात्री नसते. दुसरी सुई घालताना पहिला धागा मागे ओढून धरावा लागतो, नाहीतर सुई त्यालाच भेदते. जूनच्या उकाड्यात धाग्याला लावायचे मेण हाताला चिकटत होते, म्हणून ते थोडेच लावले.

मुठीच्या दुसऱ्या बाजूची शिवण शाबूत होती, तिला मी हात लावला नाही. वकिलांनी बॅगेत फायली भरल्या, झटके देऊन मूठ तपासली आणि मगच पैसे मोजले.