चिमट्यातला खेळ

"काका, वळणावर मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं," गॅरेजमध्ये आलेला एक जण म्हणाला. ठाण्यात घोडबंदरला गायमुखच्या वळणावर गाडी अशी सरकली होती की बायको आता मागे बसायला तयार नव्हती. 150 सीसीची गाडी, 45,000 किलोमीटर झालेली. दोन्ही शॉकअप महिन्यापूर्वी दुसरीकडे नवे टाकलेले, टायरही नवा. तरी तेच.

गिऱ्हाईक सांगतं त्यावर मी पान्याला हात लावत नाही, आधी चालवून बघतो. वर्तकनगरहून उपवनपर्यंत जाऊन आलो. सरळ रस्त्याला काही नाही. वळणावर रेस सोडली की मागचं चाक जरासं बाजूला जायचं, रेस दिली की परत जागेवर. इथेच माझं लक्ष शॉकअपवरून उडालं. शॉकअप गेला तर खड्ड्यानंतर गाडी झुलत राहते, रेस देण्या-सोडण्याने त्यात फरक पडत नाही. रेस दिली की चेन मात्र मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्याची (स्विंगआर्मची) डावी बाजू पुढे ओढते, सोडली की ती ओढ जाते. म्हणजे चिमटाच कुठेतरी ढिला असणार.

डबल स्टँडवर घेऊन चाक हलवलं. घट्ट. बेअरिंग ठीक, अॅक्सल ठीक. कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंगही पाहिली, चांगली होती. तेव्हा थोडा गोंधळलोच. मग चाक आणि दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढून चिमटा मोकळा केला, टोकाला धरून आडवा हलवला आणि खट्कन आवाज आला. नवे कडक शॉकअप तो खेळ, म्हणजे ढिलेपणा, दाबून धरत होते. इतके दिवस कुणाला सापडला नाही तो त्यामुळेच.

चिमटा ज्यावर हलतो तो बोल्ट गंजून बुशातच, म्हणजे त्याच्याभोवतीच्या रबर-धातूच्या नळीतच, अडकलेला. तासभर डिझेल सोडून, ठोकून काढला. डाव्या बुशाचं रबर धातूपासून पार सुटलं होतं. दोन्ही बुश आणि बोल्ट नवे घातले. शेवटचा आवळ मात्र गाडी चाकांवर उभी करूनच दिला. चाक लटकत असताना आवळला तर वजन येताच रबराला पीळ पडतो आणि ते लवकर फाटतं. चेन अडजस्टरच्या खुणाही दोन्हीकडे सारख्या नव्हत्या, त्या जुळवल्या.

संध्याकाळी तो गायमुखला जाऊन परत आला. "मग शॉकअपचे पैसे फुकटच गेले ना?" त्याने विचारलं. गेले, म्हणालो. खोटं कशाला सांगू? फाटलेला बुश त्याने मागून घेतला आणि बायकोला दाखवायला म्हणून कागदात गुंडाळून खिशात ठेवला.