तुम्ही विचारलंत म्हणून: कापसाच्या मुलखात लोकरीचा मफलर

बाजारात, लग्नात, एसटीच्या थांब्यावर, कुठंही गेलो की कोणीतरी माझ्या गळ्यातल्या मफलरला हात लावून विचारतंच, "काका, कापूस पिकवता अन् गळ्यात मेंढराचे केस? कायले?" काहीजण जरा काळजीनं विचारतात, "तब्येत बरी नाही का?" तब्येत ठणठणीत आहे. पण कोजागिरीपासून होळीपर्यंत हा मफलर रोज माझ्या गळ्यात असतो, आणि त्याला कारण आहे हरभऱ्याचं ओलीत, म्हणजे त्याला पाणी देणं.

आमच्याकडे शेतीची लाईन, म्हणजे वीज, आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रीची पाळी आली की पौषातल्या थंडीत मोटार सुरू करायला वावरात जावं लागतं. तीन-चार तासांनी स्प्रिंकलरचे पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे. पाईप उचलला की आत उरलेलं पाणी अंगावर येतं, वारं फिरलं की नोझलचा फवाराही येतो. पाईप वाहताना घाम फुटतो आणि मग धुऱ्यावर उभं राहिलं की तोच घाम गार पडतो. कितीतरी वर्षं मी या कामाला सुती दुपट्टाच बांधून जायचो. दोनच्या सुमारास तो चिंब झालेला असायचा. तापात कपाळावर ठेवतात तशी गार पाण्याची पट्टी भर थंडीत मानेला गुंडाळलेली. सकाळी मान वळायची नाही.

मी कापसाला नावं ठेवत नाही. त्याच्यावर घर चाललं, पोरं शिकली. पण कापूस पाण्याशी कसा वागतो हे कापूसवाल्याइतकं कोणाला ठाऊक असणार? हमीभावाच्या खरेदीत कापसाला ८ टक्के ओलावा धरतात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत पाठवतात. बोंडात हात घातला की ओल लगेच कळते. लोकरीचं तसं नाही. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी धाग्याच्या आत ओढून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. आणि ओल ओढताना थोडी ऊबही सोडते. हे मी नंतर वाचलं, पण आधी मानेनं अनुभवलं होतं.

हा मफलर मला जिल्ह्याच्या गावी मिळाला. हिवाळ्यात तिबेटी लोकांची गरम कपड्यांची दुकानं लागतात तिथं. पुष्कळांना वाटतं ते थेट हिमालयातून येतात. पण आपल्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावच्या बाजूला, १९७२ पासून त्यांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. दुकानातली बाई तिथलीच होती आणि चांगलं मराठी बोलत होती. मी जाडजूड, फुगीर मफलर उचलला. स्वस्त होता. तिनं तो माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला आणि विचारलं, "काम करताना घालणार की बसून?" काम करताना, म्हटल्यावर तिनं एक पातळ मफलर काढला. मला तो दिखाऊ वाटला. एवढ्याशा कापडानं काय थंडी जाणार?

मग तिनं दोन्हींच्या झालरीतला एकेक धागा तोडला आणि काडी ओढली. जाड मफलरचा धागा वितळला, टोकाला काळा कडक मणी झाला. तो ॲक्रिलिक होता. पातळ मफलरचा धागा चुरचुरत जळला, काडी बाजूला नेताच विझला, केस जळाल्यासारखा वास आला, आणि राख बोटांत चोळली तर भुगा झाली. लोकर घेताना दुकानदाराला विनंती करून एवढं जरूर करून पाहा. लेबलवर काहीही लिहिलेलं असू शकतं. हरभरा घाट्यावर आला की डुकरांसाठी जागल असते, शेकोटी असते, ठिणग्या उडतात. माझ्या मफलरवर एकदा ठिणगी पडली तर बारीक काळा ठिपका राहिला, बस्स. वितळणारं कापड अशा वेळी कातडीला चिकटतं.

घरी येऊन किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर १४० ग्रॅम भरला. फूटभर रुंद, साडेपाच फूट लांब. दोन वेढे घेतले तरी मानेवर ओझं होत नाही, वाकलं तरी सुटत नाही, ऊन चढलं की घडी करून खिशात मावतो. जाड मफलर घाम आणतो आणि मग काढावा लागतो. घाम आलेल्या मानेवरून मफलर काढणं हीच सगळ्यात मोठी चूक आहे, म्हणून मी पातळच घ्या म्हणतो. टोचत कसा नाही, असंही विचारतात. आमच्या कापसाचा भाव धाग्याच्या लांबीवर ठरतो, लोकरीचा बराचसा जाडीवर. बारीक लोकर २० मायक्रॉनच्या आसपास असते. माणसाचा केस साधारण ७०. जाड धाग्याचं टोक कातडीला टोचतं, बारीक धागा वाकतो.

आणि नक्षी. तो कुल्लूकडच्या हातमागावरचा आहे. मधला भाग करडा, तिरप्या विणीचा. दोन्ही टोकांना तांबड्या, पिवळ्या, हिरव्या धाग्यांचे पायऱ्या-पायऱ्यांचे चौकोन. छापलेले नाहीत, विणता विणताच रंगीत धागे हातानं भरलेले आहेत. उलटी बाजू पाहिली की ते धागे दिसतात. त्यावर धूळ, चिखल चटकन दिसत नाही हे खरं. पण मी तो रंगांसाठीही घेतला. रात्री तीनला बॅटरीच्या उजेडात तांबडा चौकोन दिसला की बरं वाटतं. शेतकऱ्याच्या अंगावरचं कामाचं कापड मळकट, बिनरंगी असलं पाहिजे असं कोणी ठरवलं?

हरभऱ्याची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. पहाटे झाडांवर आंब, म्हणजे आंबट दव, असते, पँट गुडघ्यापर्यंत तिनं भिजते. आंबट पदार्थ सुती धाग्याला हळूहळू कमजोर करतात, लोकरीला त्यांचा तेवढा त्रास होत नाही. लोकरीचा वैरी सोडा. हे मला याच्या आधीच्या मफलरनं शिकवलं. हौसेनं तो मीच धुतला. गरम पाणी, धुण्याचा सोडा, वर दगडावर घासला. वाळला तेव्हा आटून घट्ट झालेला, नमद्यासारखा हातभर तुकडा उरला होता. लोकरीच्या धाग्याला खवले असतात. गरम पाण्यात घासले की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. तो तुकडा मी बैलाच्या मानेवर, जू घासतं तिथं लावला. जखम भरली. हा मफलर मात्र रिठ्याच्या गार पाण्यात बुडवून, न पिळता, टॉवेलात दाबून, सावलीत खाटेवर पसरून वाळवतो.

कापसाच्या मुलखात लोकर परकी आहे, हे मला पटतच नाही. माझ्या वडिलांकडे धनगराकडून घेतलेली काळी घोंगडी होती. झड लागली की तिची खोळ करून ते दिवसभर वावरात असायचे. त्या जड, खरबरीत घोंगडीनंच त्यांचे पावसाळे काढले. आजही उन्हाळ्यात काठेवाडी लोकांचे कळप आमच्याकडे खताला बसतात. त्यांच्या बायांच्या डोक्यावर भर वैशाखात काळी लोकरीची ओढणी असते. माझ्याच्यानं ते होत नाही. होळी झाली की मफलर धुऊन, कडक उन्हात घटकाभर ठेवून, वाळल्या कडुनिंबाच्या पाल्यात पेटीत जातो, नाहीतर कसर लागते. मग पुन्हा सुती दुपट्टा. पंचेचाळीस डिग्रीत त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

मागच्या हिवाळ्यात सकाळी वेचणीला जाताना बायकोनं खुंटीवरचा मफलर उचलला आणि संध्याकाळी परत दिला नाही. मी त्याच दुकानात जाऊन दुसरा आणला. आता खुंटीवर दोन असतात. तांबड्या चौकोनांचा तिच्याकडे गेला. माझ्या नव्याला निळी नक्षी आहे.