नांदूर मध्यमेश्वर : वारकरी पक्ष्यासोबतची एक सकाळ

डिसेंबरमध्ये नाशिकहून पहाटे पाचला निघून आम्ही निफाड तालुक्यातील चापडगावला पोहोचलो, तेव्हा गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यावर दाट धुके होते. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असल्याने बहुतेक जण येथे दूरदेशीचे पाहुणे शोधायला येतात; मी मात्र सबंध सकाळ वारकरी या नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यासाठी राखून ठेवली होती.

काळे अंग, लाल डोळा आणि चोचीपासून कपाळावर चढलेला पांढराशुभ्र टिळा, असे त्याचे रूप आहे. काही जण त्याला चांदवाही म्हणतात. तो बदकांत पोहत असला तरी बदक नव्हे, पाणकोंबडीच्या कुळातला आहे. एक वारकरी काठावरच्या चिखलात चढला तेव्हा त्याचे पाय नीट पाहता आले : बोटांना जोडणारा अखंड पडदा नाही, तर प्रत्येक बोटाच्या कडेला झालरीसारख्या सुट्या पाळ्या आहेत. उडण्यापूर्वी तो याच पायांनी पाण्यावर फटफट आवाज करत लांबवर धावतो. तो बुडी मारून पाणवनस्पती वर आणतो आणि शेजारी टपलेले गडवाल बदक ती त्याच्या चोचीजवळूनच पळवते. हे दृश्य तासाभरात आम्ही चारदा पाहिले.

त्याचे छायाचित्र घेणे दिसते तितके सोपे नाही. काळी पिसे पाहून कॅमेरा सगळे चित्र उजळ करतो आणि टिळ्याचा नुसता पांढरा डाग उरतो. माझी पहिली तीसेक छायाचित्रे अशीच वाया गेली. एक्स्पोजर एक स्टॉप कमी केल्यावर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश निम्मा केल्यावर, टिळ्याची कड आणि पिसांचा पोत दोन्ही उमटले. फोकस डोळ्यावरच ठेवावा आणि शक्य तितके खाली बसावे, म्हणजे पक्षी पाण्याच्या पातळीवरून दिसतो. धाव टिपायची असेल तर शटरचा वेग किमान १/२००० सेकंद हवा.

निरीक्षण मनोऱ्यावरून थवे छान दिसतात, पण एकट्या पक्ष्यासाठी काठच बरा. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धुके विरण्याआधीच धरावी, मळकट रंगाचे कपडे घालावेत आणि स्थानिक गाइड सोबत घ्यावा. पक्षी माना उंचावून पाण्याकडे सरकू लागले, की तिथेच थांबावे. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणे कटाक्षाने टाळावे. नाश्ता आणि पाणी सोबत असू द्यावे. उन्हे चढेपर्यंत जागा सोडावीशी वाटत नाही.