हे तूच लिहिलंयस का?

अप्रेझलचे दिवस आले की माझ्या पोटात गोळा येतो. अकरा जणांची टीम. प्रत्येकाच्या वर्षभराच्या कामावर पानभर लिहायचं, तेही कुणाच्या जिव्हारी लागणार नाही अशा बेतानं. यंदा म्हटलं, एआय कशासाठी आहे? कस्टमर सपोर्टचे सगळे आकडे त्याच्या हवाली केले. काही मिनिटांत अकरा ड्राफ्ट हजर, भाषाही माझ्यापेक्षा गोड. वरवर नजर फिरवली आणि पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी टीममधली सगळ्यात जुनी सहकारी लॅपटॉप घेऊन समोर बसली. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे तूच लिहिलंयस का?"

'दर तासाला सोडवलेल्या तक्रारी टीमच्या सरासरीइतक्या. वेग वाढवण्यास वाव.'

"मीच पाठवलंय," मी म्हणालो. 'लिहिलंय' म्हणायला जीभ रेटेना.

आकडा खोटा नव्हता, तीच तर गोची. उत्तरं सुचवणारं टूल आम्ही घेतलं तेव्हा त्याला शिकवायला तिच्याच जुन्या चॅट दिल्या होत्या. आता नवी मुलं तिचीच वाक्यं स्क्रीनवरून उचलतात. त्यांचा वेग वाढला, सरासरी वर गेली, ही आहे तिथेच. शिवाय अडलेली तक्रार घेऊन जो तो तिच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहतो. त्याची नोंद कुठल्या सिस्टिममध्ये होणार?

एरिक ब्रिन्यॉल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांचा २०२३चा अभ्यास मी नंतर वाचला. पाच हजारांहून जास्त सपोर्ट एजंट, असंच टूल. तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या; नवख्यांच्या ३४ टक्क्यांनी, मुरलेल्यांच्या जवळजवळ नाहीच. मुरलेल्यांच्या हातोट्या टूलमार्फत नवख्यांपर्यंत पोचत असाव्यात, असा त्यांचा कयास. म्हणजे जिच्या जिवावर सरासरी चढली, तिलाच मी त्या सरासरीची फूटपट्टी लावली होती! (आणि हे कळायला मला शोधनिबंध लागला. मी तिच्यापासून वीस पावलांवर बसतो.)

तिचं अप्रेझल हातानं पुन्हा लिहिलं. दीड तास गेला.

मग बाकीचे दहा उघडले. दोन झाले. तिसऱ्याच्या नावापुढे कर्सर नुसताच लुकलुकतोय, कारण गेल्या सहा महिन्यांत मी त्या पोराशी डॅशबोर्ड सोडून काही बोललोच नाहीये.