जांभळं गांडूळ

वॉशिंग मशिनमधून कपडे काढता काढता बायकोने हाक मारली. तिच्या हाकांचे दोन-तीन प्रकार आहेत, त्यातली ही 'आत्ताच्या आत्ता इकडे ये'वाली. गेलो. तिच्या चिमटीत पाच इंचांचं एक जांभळं गांडूळ लोंबकळत होतं. माझ्या पँटच्या खिशातलं. पाऊण तास साबणाच्या पाण्यात घुसळून निघालं होतं, पण पठ्ठ्याचा रंग जराही उतरला नव्हता.

"मार्च लागला वाटतं," ती म्हणाली.

लागला होता खरा. आमच्याकडे, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत, मार्च लागलेला समजायला कॅलेंडर बघावं लागत नाही. दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि ऑफिस सुटल्यावर अचानक हातात तासाभराचा उजेड उरतो. रस्त्याकडेची ब्रॅडफर्ड पेअरची झाडं पांढरीशुभ्र फुलतात. दिसायला लग्नाचा मांडव, वासाला मात्र कुजकी मासळी. (आई पहिल्यांदा आली तेव्हा गाडीतून उतरता उतरता म्हणाली होती, "सुके बांगडे खंय वाळत घातल्यानी?") आणि आमच्या घरांमागच्या तळ्याचं पाणी पन्नास अंश फॅरेनहाइटच्या वर चढतं. तिथून पुढे महिना-दीड महिना मी कामाचा माणूस राहत नाही.

कारण बास काठाला येतो. लार्जमाउथ बास. हिरवट अंग, कडेने काळी पट्टी, आणि नाव सार्थ करणारा जबडा, मिटला तरी डोळ्याच्या मागेपर्यंत पोचणारा. हिवाळाभर खोल पाण्यात सुस्तावून पडलेला हा प्राणी उन्हाची चाहूल लागली की उथळाकडे सरकतो. साठच्या आसपास पाणी पोचलं की अंडी घालायची असतात, त्याआधी खाऊन घ्यायचं असतं. तळ्याचा उत्तरेचा काठ आधी तापतो, कारण ऊन दक्षिणेकडून येतं आणि उत्तरेचा गार वारा मागच्या चढाला अडतो. हे ज्याला कळलं त्याचं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं मला पंधरा वर्षांत जमलेलं नाही.

लोक विचारतात, बोट का घेत नाहीस? इथून जवळच जॉर्डन लेक आहे, चौदा हजार एकरांचं. शनिवारी पहाटे तिथल्या धक्क्यावर बोटींची रांग लागते. एकेका बोटीवर दोन दोन पडदे, पाण्याखालचा मासा टीव्हीवर दिसावा तसा दिसतो. दिसो बापडा. मी तिथे गेलो तरी पुलाजवळच्या दगडी बांधावर उभा राहतो. दगड दिवसभर तापलेले असतात, मासा त्यांच्या कडेला येतो हे झालं शास्त्र. खरं कारण म्हणजे पाय जमिनीवर नसले की मला मासे मारतोय असं वाटतच नाही, सहलीला आल्यासारखं वाटतं.

हा गड नदीचा दोष. कणकवलीच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाखालून गड नदी. तिथे 'फिशिंग' नव्हतं, गरवायला जाणं होतं. चिवारीची काठी, तिला तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, तंगुसाला गरी म्हणजे गळ आणि तरंगायला जुन्या स्लीपरच्या रबराचा नखाएवढा तुकडा. घरात कुणाची स्लीपर तुटली की आम्हा पोरांना कोण आनंद व्हायचा! गांडुळं गायरीच्या कडेला, शेणखताखाली. करवंटीत ओली माती घालून त्यात ती ठेवायची आणि वर फणसाचं पान. हे सगळं भाऊकाकांच्या देखरेखीखाली. भाऊकाका घरात फारसं बोलत नसत, नदीवर त्याहून कमी. त्यांचा एकच धडा होता: "मासो आधी इचारता, मगे खाता. त्याचां इचारून होवंदे." म्हणजे रबराचा तुकडा नुसता थरथरला तर काठी उचलायची नाही. थरथर म्हणजे चौकशी. तुकडा तिरका होऊन निघाला की मग.

आणि निघताना कुणी "खंय चललास?" विचारलं तर काका सरळ मागे फिरत. काठी पडवीत टेकवत, चहा मागत आणि अर्ध्या तासाने मागच्या दाराने निघत. मला हसू यायचं. आता शेजारचा म्हातारा त्याच्या पोर्चमधून खणखणीत आवाजात "गोइंग फिशिंग?" म्हणून ओरडला की मी गॅरेजमध्ये परत येऊन उगाच दोन मिनिटं स्क्रू-ड्रायव्हर शोधतो.

पण म्हातारा भला माणूस. हे जांभळं गांडूळ त्याचीच देणगी. रबरासारखं मऊ प्लास्टिक, आत मीठ, आणि वास चक्क बडीशेपेचा! दुसऱ्या एका पाकिटातल्यांना लसणाचा. आईने पाकीट उघडून हुंगलं आणि म्हणाली, "मीठ-लसूण लावलेला हा तर हेच तळूया." त्याच्या मधोमध गळ टोचायचा, असा की दोन्ही टोकं लोंबती राहतील. आमच्या गावी असा गळ टोचणाऱ्याला भाऊकाकांनी घरी पाठवलं असतं, कारण आम्ही गांडूळ मोज्यासारखं गरीवर चढवायचो. पण हे पाण्यात पडलं की दोन्ही टोकं हलवत, काही घाई नसल्यासारखं खाली खाली जातं. आपण काहीच करायचं नाही. हेच सगळ्यात अवघड. थंड पाण्यात बासही आळशी असतो, घाईने ओढलेल्या गोष्टीमागे तो जात नाही. म्हातारा म्हणाला, दहा आकडे मोज, मग जरासं ओढ, पुन्हा दहा मोज. मी मोजतो: लाभ, दोन, तीन... आजी भात मापताना एकाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. अमेरिकेतल्या तळ्याकाठी उभं राहून एक ढेरपोट्या इंजिनिअर दर अर्ध्या मिनिटाला 'लाभ' पुटपुटतोय, हे ऐकणाऱ्याला कसं वाटत असेल कोण जाणे. लाभ मात्र क्वचितच होतो.

एकदा झाला, तेव्हा आई होती. मार्चचीच संध्याकाळ. आई घडीच्या खुर्चीत, स्वेटरवर माझं जॅकेट, डोक्याला कानटोपी, आणि एकूण चेहऱ्यावर 'ह्याका काय झाला' असा भाव. आठाला पोचलो असेन, तेवढ्यात दोरा डावीकडे निघाला. झटका नाही, ओढ नाही, नुसता निघाला, कुणीतरी काही न बोलता घरातून निघावं तसा. चौकशी संपली होती. काठी उचलली आणि ती मुठीपासून वाकली.

मादी होती. चार पौंडांची तरी, पोट गच्च भरलेलं. बासला खालच्या ओठाला धरून उचलतात, अंगठा तोंडात घालून. दात असे नसतातच, मांजराच्या जिभेसारखा खरखरीतपणा असतो, पण दोन-चार मासे धरले की अंगठ्याची साल निघते आणि ती आठवडाभर लोकांना दाखवावीशी वाटते. मी आईला मासा दाखवला. आई खुर्चीतून उठली. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही पदवीला ती इतक्या चपळाईने उठली नव्हती.

"गाबोळी हा रे पोटात!"

तिच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं ते मला नेमकं ठाऊक होतं. मिरगाचा पहिला पाऊस. नदी लाल होते, वहाळ फुगतात, शेतात पाणी चढतं आणि त्या पाण्याबरोबर मासे वर चढतात, अंडी घालायला. चढणीचे मासे. रात्री बत्त्या घेऊन अख्खी वाडी चिखलात. कोयती, टोपल्या, जाळी, हाताला येईल ते. लंगोटीवर उतरलेले भाऊकाका गुडघाभर पाण्यात कोयतीचा सपकारा मारतात आणि आम्ही पोरं मागे टोपली धरून उभे. दुसऱ्या दिवशी घरोघरी एकच वास, तिरफळांचा. आणि गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, पोरांना. ती मीठ-मसाला लावून तव्यावर परतलेली, बाहेरून कुरकुरीत, आत रव्यासारखी. अंड्यांवर आलेला मासा मारला की पुढच्या वर्षी मासे कुठून येणार, हे तेव्हा कुणी म्हटल्याचं आठवत नाही. म्हटलं असतं तरी माझं तोंड भरलेलं होतं.

आईने पिशवी उघडून धरली होती. आणि मी वाकून मासा पाण्यात धरला, त्याने दोनदा कल्ले हलवले, शेपटी मारली आणि माझ्या बाहीवर पाणी उडवून तो गेला.

आई काही बोलली नाही. पिशवीची घडी घातली. घरी येऊन चपला काढल्यावर म्हणाली, "सोडूचोच हुतो तर धरलंस कशाक?"

आता काय सांगणार? सांगितलं मी बरंच. इथे असंच करतात, मादी सोडली तर तळ्यात मासे टिकतात, खेळ म्हणून धरायचा, वगैरे. मराठीत सांगायला लागलो की हे सगळं किती पोकळ वाटतं! 'खेळ म्हणून' या शब्दांवर ती माझ्याकडे अशी काही बघत राहिली की मी विषय बदलला. त्याच शनिवारी आम्ही आशियाई दुकानात गेलो. तिथे मागच्या भिंतीला काचेच्या टाक्यांत जिवंत मासे असतात. तिसऱ्या टाकीत बास, शेततळ्यात वाढवलेले, एकावर एक दाटीने उभे. आई टाकीपाशी थांबली. "ह्यो तुझोच मां रे?"

घेतला. तिने गावाहून आणलेली तिरफळं घालून आमटी केली. मासा चांगला लागला, पांढरा, जरा मिळमिळीत. मी दोनदा वाढून घेतलं. ज्याला परवा हळुवार पाण्यात सोडलं, त्याचा भाऊ ताटात. आईने त्यावर एक अक्षर काढलं नाही, आणि हे तिच्या स्वभावात बसत नाही, म्हणजे मुद्दामच.

तिच्या बाजूने एक पुरावा मला नंतर सापडला. सगळ्यात मोठ्या बासचा विक्रम 2 जून 1932चा, जॉर्जियातला. जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंचा मासा धरला. मंदीचे दिवस. वजन करून झालं आणि मासा घरी नेऊन शिजवला! 2009मध्ये मानाबू कुरिता यांनी जपानच्या बिवा सरोवरात त्याहून किंचित जड बास धरला, पण जुना विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात, ते भरले नाहीत, म्हणून आता विक्रम दोघांच्या नावावर. आणि त्या बिवा सरोवरात बास हा उपरा मासा, तिथल्या माशांचा फडशा पाडणारा, म्हणून धरलेला बास परत सोडायलाच बंदी. म्हणजे या खेळातल्या दोन सर्वोच्च माशांपैकी एक जेवणात गेला आणि दुसऱ्याला सोडणं बेकायदा. हे आईला फोनवर सांगायचं ठरवलं होतं, राहून गेलं. खरं तर हरायला नको म्हणून राहून गेलं.

परवा पाणी साठच्या वर गेलं. पाइनचे पराग पडून अख्खं तळं पिवळं झालं होतं, हळद सांडल्यासारखं. वाऱ्याने एका कोपऱ्यातली साय बाजूला झाली आणि गुडघाभर पाण्यात तळाशी ताटाएवढी स्वच्छ गोल जागा दिसली. घरटं. नर शेपटीने तळ झाडून ती करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि मग राखण नराची. तो खायलाही जात नाही. होता तिथेच, फार मोठा नाही, दीड पौंडांचा. जागच्या जागी गोल फिरत होता.

टाकायला नको होतं, पण हात शिवशिवतात. हे मशिनमधून धुऊन निघालेलंच गांडूळ. बरोबर मधे पडलं. त्याने चौकशी केली नाही. भूक नव्हतीच, पोरांच्या अंगावर काहीतरी पडलं म्हणून त्याने ते तोंडात धरलं, बाहेर नेऊन टाकायला. आणि मी काठी उचलली.

काढला, गळ सोडवला, कणकवलीच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढला. पहिल्यात डोळे मिटलेले आले. माझे. म्हणून दुसरा काढला. मिनिटभर, फार तर दीड.

पाण्याकडे पाहिलं तर ताटात ब्लूगिल भरलेले. तळहाताएवढे मासे, एकाच कुळातले, म्हणजे बासचे भाऊबंदच. पंधरा-वीस असतील, सगळे डोकी खाली, शेपट्या वर, पंगतीला बसल्यासारखे. मी नराला सोडलं, चांगला वाकून, हळुवार, दरवेळी सोडतो तसं. तो दोन हातांवर गेला आणि तिथेच थांबला, कल्ले हलवत.

मी मोजायला लागलो. लाभ, दोन, तीन. तीसपर्यंत तो हलला नाही. एक दगड उचलून ब्लूगिलांवर मारावा असं वाटलं, पण दगडही पडणार त्या अंड्यांवरच. बेचाळीसला तो वळला आणि त्या घोळक्यात घुसला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "लागला का काही?"

"नाही," म्हटलं.