मागे लावलेलं अंडं

आमच्या वाळवा तालुक्यात अजून नीट मिसरूड न फुटलेलं पोरगं सुद्धा उसाने भरलेली ट्रॉली कारखान्याच्या आवारात एका दमात रिव्हर्स लावतं, एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्या हातात मोबाईल आणि टेपवर गाणी फुल्ल. आणि मी, त्याच मातीतला, 22 वर्षं कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअर करणारा माणूस, मे महिन्याच्या शेवटी सिएरा नेवाडाच्या डोंगरातल्या डोनर लेकजवळ 13 फुटांचा, आत झोपायची सोय असलेला ट्रेलर कॅम्पसाईटमध्ये घालायला पाऊण तास घाम गाळत होतो, तेही बायको, दोन मुलं आणि शेजारच्या तंबूतलं एक अख्खं कुटुंब यांच्यासमोर. त्या कुटुंबाने तर खुर्च्या आमच्याकडे वळवून घेतल्या होत्या.

आधी जरा गाडीबद्दल. ट्रेलर ओढतो तो माझा ट्रक म्हणजे आपल्याकडचा मालट्रक नव्हे, इथे पिकअपलाच ट्रक म्हणतात, पुढे पाच माणसं आणि मागे उघडा हौदा. 2021 मध्ये रिव्हियनचा आर वन टी आला, 2022 मध्ये फोर्डचा एफ-150 लायटनिंग, आणि बॅटरीवर चालणारे हे ट्रक कागदावर साडेचार-पाच टन ओढतात असं वाचल्यावर मी पण एक घेऊन टाकला. कुठला ते सांगत नाही, नाहीतर वाद तिथेच सुरू होतो. मग ओढायची ताकद आहे तर काहीतरी ओढलं पाहिजे ना, म्हणून जुना फायबरचा ट्रेलर घेतला. 1968 च्या सुमारास कॅनडात विनिपेगला बोलर नावाचे असे गोलमटोल ट्रेलर निघाले, त्याच वळणाचा, दोन अर्धी टरफलं मधोमध चिकटवल्यासारखा. धाकटीने बघताक्षणी नाव ठेवलं, अंडं. आत चार माणसं झोपतात असं विकणारा म्हणाला होता. झोपतात, पण मग कुणी कूस बदलायची नाही.

अंड्याचं वजन सामानसुमानासकट 700-800 किलो, म्हणजे पाच टनवाल्यासाठी चिल्लर. मला वाटलं ट्रकला कळणार पण नाही. पहिल्याच ट्रिपला ट्रक एरवी एका युनिटमध्ये सव्वादोन मैल जातो तो दीड मैलाच्याही खाली आला. युनिट म्हणजे आपल्या लाईट बिलावरचंच युनिट बरं का, इथले लोक किलोवॅट-अवर म्हणतात पण माझ्या डोक्यात ते अजून युनिटच आहे. बॅटरी 130 युनिटची, आईच्या इस्लामपूरच्या घराचं दीड महिन्याचं बिल एवढ्यात निघतं. तर भरलेल्या बॅटरीवर 300 मैल जाणारी गाडी 180 वर आली, ती पण मागे नुसतं अंडं लावून.

मी आधी वजनाला दोष दिला. पाण्याची टाकी रिकामी केली, कुकर घरी ठेवला, त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं. आकडा जागचा हलला नाही. मग उमगलं की सपाट रस्त्यावर गाडीला वजन फारसं जड जात नाही, जड जातो तो वारा. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलावरून कधी उघडी छत्री घेऊन चालला असाल तर वेगळं सांगायला नको, छत्रीचं वजन ते किती, पण वारा तिला धरून तुम्हाला पार कठड्यापर्यंत नेतो. अंड्याचं कपाळ ट्रकच्या टपापेक्षा हातभर उंच, ट्रकने कापलेला वारा पुन्हा जाऊन त्याच्यावर आदळतो. डिझेल गाडीला पण हे होतंच, फक्त तिथे पाच मिनिटांत टाकी भरते म्हणून कुणी हिशोब करत बसत नाही. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी 55 मैलांवरून 65 वर गेलं की विरोध जवळपास 40 टक्क्यांनी जास्त. दहावीचं गणित, पण ते स्वतःच्या पैशाने शिकलो.

नशीब म्हणजे कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानेच 55 ची मर्यादा आहे. बहुतेक लोक पाळत नाहीत. मी पाळतो, आणि कायद्याचं नाव पुढे करून बॅटरी वाचवतो. उजव्या लेनमधून आम्ही असे निघालो की लाकडाचे ओंडके नेणारे ट्रक पण आम्हाला ओव्हरटेक करत होते, थोरला मागच्या सीटवर तोंड लपवून बसला होता, आणि मला मात्र 22 वर्षांत पहिल्यांदा व्हॅकव्हिलच्या पुढे रस्त्याच्या कडेला बागा कसल्या आहेत ते दिसलं.

खरी गंमत चार्जिंगला. पेट्रोल पंपावर कशी गाडी एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघते, तसे चार्जर अजून फार कमी. बाकी सगळीकडे मॉलमधल्या पार्किंगसारखं, तोंड भिंतीकडे करून लावायची. मागे शेपूट असलं तर ते अख्ख्या रस्त्यावर आडवं. मग दोनच पर्याय, एकतर चार जागा अडवून गाडी आडवी लावायची आणि येणाऱ्या प्रत्येकाची नजर सहन करायची, नाहीतर ट्रेलर सोडायचा. घाटाच्या वाटेवरच्या ऑबर्न गावात आम्ही सोडला. म्हणजे काय करायचं तर आधी ट्रेलर घरंगळू नये म्हणून चाकांना उटी, म्हणजे अडकण लावायची, मग पुढच्या जॅकचं हँडल फिरवत बसायचं, ट्रेलरच्या दांड्याचा कप ट्रकच्या मागच्या गोळ्यावरून सुटेपर्यंत, दिव्यांची वायर काढायची, खाली कात्रीसारख्या अडकवलेल्या दोन साखळ्या सोडायच्या. तो लोखंडी गोळा साधारण पेरूएवढा, त्याला काळं ग्रीस, आणि ते ग्रीस कितीही जपलं तरी तळहातावर येतंच आणि तिथून पँटवर. सगळं व्हायला दहा मिनिटं. मग 45 मिनिटं चार्जिंग. या वेळात प्रत्येक चार्जरवर एक आजोबा हमखास येतात, खिशात हात घालून ट्रकभोवती एक चक्कर मारतात आणि विचारतात, हे ओढून किती जातं? मी आकडा सांगतो. ते एवढंच म्हणतात, बरं. त्या बरं मध्ये सगळं असतं.

मग परत जोडायचं. ट्रकच्या पडद्यावर कॅमेरा दिसतो, त्यात गोळा आणि कप समोरासमोर आणायचे, बायको बाहेर उभी राहून हाताने दाखवते, अजून, अजून, बास, अरे बास म्हटलं ना. कप गोळ्यावर बसला की खट्ट आवाज येतो, तो आवाज मला आता चहाच्या पहिल्या घोटाइतका आवडायला लागलाय. त्या आनंदात एक उटी उचलायची राहिली, ती अजून ऑबर्नलाच असेल.

पुढे चढ. सॅक्रामेंटो जवळपास समुद्राच्या पातळीला आणि घाटाचा माथा 7,239 फुटांवर. ट्रक, अंडं, आम्ही चौघं मिळून धरा चार टन, तेवढं वर चढवायलाच माझ्या हिशोबाने 23-24 युनिट लागतात, वारा वेगळा. पण ही उसनवारी आहे, येताना उतारावर मोटरच जनरेटरसारखी चालून वीज भरते आणि बऱ्यापैकी परत देते, सगळी नाही. परतीच्या वाटेवर बॅटरीचे टक्के कमी व्हायच्याऐवजी वाढताना बघून थोरल्याने पण मोबाईलमधून डोकं वर काढलं.

याच डोंगरात 1846 च्या हिवाळ्यात डोनर कुटुंब आणि त्यांच्याबरोबरचा बैलगाड्यांचा तांडा बर्फात अडकला होता. जवळचा म्हणून सांगितलेला रस्ता लांबचा निघाला, उशीर झाला, आणि मग जे झालं ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. तलावाला नाव त्यांचंच. मागे गाडी लावून या घाटात येणारे आम्ही काही पहिले नाही, एवढं लक्षात आलं आणि मी टक्के परत एकदा बघितले.

तर पोचलो, आणि मग तो पाऊण तास. रिव्हर्स घेताना स्टेअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर जातो उजवीकडे, हे माहीत होतं, पण माहीत असणं आणि हाताला कळणं वेगळं. त्यातून ट्रेलर जितका आखूड तितका लवकर दुमडतो. एकदा पाईनच्या झाडाशी, एकदा पिकनिकच्या टेबलाशी, एकदा सरळ आत चाललाय असं वाटेपर्यंत ट्रेलर ट्रकला काटकोनात. शेवटी बायको म्हणाली, बापूदादांना फोन लाव.

बापूदादा माझा चुलतभाऊ, गेली तीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय. इथे संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात. आठवडाभर शेतीच्या पंपाला रात्रीची लाईट होती म्हणून गडी रात्रभर उसाला पाणी पाजून नुकताच घरी आलेला, डोळे लाल, पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले. मी व्हिडिओवर सगळं दाखवलं. तो आधी मिनिटभर नुसता हसला.

"आरं इंजिनेर, हात वर कशाला धरलास? खाली धर. स्टेअरिंगच्या बुडाला. आता ट्रॉलीचं बूड जिकडं न्यायचं तिकडं हात सरकव. आन् हळू. लगीन हाय काय?"

हात खाली धरला. अंडं दुसऱ्या प्रयत्नात आत. शेजारच्या कुटुंबाने टाळ्या वाजवल्या, फोनमधून बापूदादाने विचारलं ही कोण माणसं, मी म्हटलं प्रेक्षक.

मग त्याने नीट चौकशी केली. ऍव्हरेज किती, चार्जिंगला किती वेळ, वाटेत कुठे थांबलो. ऐकून म्हणाला, "म्हंजे तिकडं जाऊनबी तू लाईटीचीच वाट बघत बसतूयास." मी म्हटलं हो, आणि जरा मोठेपणा करायला ट्रकच्या हौद्यातले प्लग दाखवले, की बघ, यातून बाहेर पण वीज काढता येते, रात्री अंड्यातला हीटर यावरच चालतो.

त्याचे लाल डोळे एकदम उघडले. "केवढी बॅटरी म्हणालास?"

"130 युनिट."

तो बोटं मोजायला लागला. "पाच एचपीची मोटर तासाला धर चार युनिट. म्हंजे तीस तास! आख्खा डाग भिजतूय की रं!" मग मोबाईल तोंडाजवळ आणून, आवाज खाली करून, "थ्री फेज हाय का पण त्यात? मोटरला तेच लागतंय."

"नाही दादा. सिंगलच."

थोडा वेळ नुसता त्याचा चेहरा दिसत राहिला, मागे कोंबडा ओरडत होता.

"मग काय उपेग," तो म्हणाला, आणि झोपायला गेला.