कुलूप उघडं, दार बंद

काल एम.एस्सी.ची एक मुलगी आमच्या ग्रंथालयाच्या काउंटरवर आली. "मॅडम, कुलूप उघडं दिसतंय, पण लेख उघडत नाहीये." पाहिलं, तर खरंच! जर्नल्सच्या, म्हणजे संशोधन-नियतकालिकांच्या, ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर जर्नलच्या नावाशेजारी हिरव्या उघड्या कुलपाचं चिन्ह आणि पीडीएफवर क्लिक केलं की पस्तीस डॉलर भरा.

तिला वाटलं, हिरवं म्हणजे फुकट. त्या प्लॅटफॉर्मवर त्याचा अर्थ 'तुमच्या ग्रंथालयाला हे जर्नल मिळतं' एवढाच. कोणत्या वर्षापासूनचे अंक मिळतात, ते दोन क्लिक आत, बारीक अक्षरांत. आमचा हक्क १९९७पासून, तिला हवा १९९४चा लेख. सर्वांना खुल्या लेखांसाठी नारिंगी उघडं कुलूप असतं, ते वेगळंच. पोरांनी रंग पाठ करायचे की रसायनशास्त्र?

अंक मागच्या खोलीत बांधीव खंडांमध्ये निघाला. झेरॉक्सचे अठरा रुपये झाले.